स्किपोल विमानतळ खरंच तळ्याच्या तळाला हाय काय? पावसाचं पाणी कुठं जातंय?

येळ्ळूरचा शेतकरी:
नमस्कार मंडळी. माझी भाची एमएस्सीला नेदरलँडला चाललीय, वागेनिंगेन युनिव्हर्सिटीत. बेंगळूरहून केएलएमचं थेट विमान आणि उतरायचं अ‍ॅमस्टरडॅमच्या स्किपोल विमानतळावर. तिकिट काढल्यापासून घरात सगळीच तिकडचं वाचालेत. परवा गल्लीच्या ग्रुपवर कुणीतरी मेसेज टाकला, त्यात लिवलंय की स्किपोल हे जगातलं सगळ्यात खाली असलेलं विमानतळ, समुद्राच्या पातळीच्या खाली, आधी तिथं मोठं तळं होतं आणि त्या तळ्यात जहाजांची लढाई झालेली. आता असल्या फॉरवर्डवर किती विश्वास ठेवायचा म्हणून इथं विचारालोय.

आणि खरं सांगायचं तर मला विमानापेक्षा पाण्याचंच जास्त कळून घ्यायचंय. माझं भाताचं शिवार बेळगावच्या बळ्ळारी नाल्याला लागून हाय. जुलैत चार दिवस सलग पाऊस लागला की नाला फुगतोय आणि शहापूर, वडगाव, येळ्ळूर सगळीकडची भातं पाण्याखाली जातात, रोप कुजतंय, परत लावणी करायची पाळी येतेय. आपण समुद्रापासनं साडेसातशे मीटर उंचीवर आणि आपलं पाणी हलत नाही, आणि ह्यांचं विमानतळ समुद्राच्या खाली तरी तिथं रोज शेकड्यांनी विमानं उतरतात, मग पाऊस पडला की त्यांचं पाणी जातंय कुठं? वर चढवतात काय? कोण चढवतंय, पैसे कोण भरतंय? तिकडं राहणारं कुणी असलं तर जरा फोडून सांगा, शॉर्टमधे नको.

अनगोळकर, हूफडॉर्प:
काका नमस्कार. मी मूळचा अनगोळचा, सध्या हूफडॉर्पला राहतोय, म्हणजे विमानतळाच्या अगदी शेजारचं गाव, आणि माझं घरपण त्याच तळ्याच्या तळाला हाय. त्यामुळं बरोब्बर जागी प्रश्न आला.

तळ्याची गोष्ट शंभर टक्के खरी. त्या तळ्याचं नाव हार्लेममेर. पसारा जवळजवळ १८,००० हेक्टर, आपल्या हिशोबात ४४-४५ हजार एकर. आणि ते तळं वाढत होतं. काठाची माती म्हणजे पीट, कुजलेल्या झाडोऱ्याची मऊ काळी माती, ती वाळवून लोक सरपणासारखी जाळायचे. म्हणजे लोकांनी खोदून खोदून खड्डे केले, त्यात पाणी भरलं, आणि वारं सुटलं की लाटा उरलेला काठ खायच्या. असं करत तीन-चार लहान तळी मिळून एक झालं आणि शेजारची गावं गिळायला लागलं. १८३६ च्या नोव्हेंबरात वादळात त्याचं पाणी अ‍ॅमस्टरडॅमच्या वेशीपर्यंत आलं आणि त्याच वर्षी ख्रिसमसला दुसऱ्या वादळात उलट्या दिशेला लायडन शहरात शिरलं. तवा कुठं सरकारनं मनावर घेतलं, १८३७ ला राजानं तळं उपसायचा विचार करायला समिती नेमली. तशी कल्पना लई जुनी, लेघवाटर म्हणून एका माणसानं १६४१ मधेच १६० पवनचक्क्या लावून उपसायचा आराखडा मांडलेला, पण तेवढी ताकद आणि पैसा तवा कुणाकडं नव्हता.

आता उपसलं कसं ते बघा. १८४० पासनं आधी तळ्याच्या भोवतीनं जवळजवळ ६० किलोमीटरचा कालवा खोदला आणि बांध घातला. त्याला रिंगफार्ट म्हणतात. हा कालवा तळ्याच्या तळापेक्षा उंचावर. मग तीन वाफेची पंपिंग स्टेशनं बांधली, लेघवाटर, क्रूकियस आणि लिंडन, तिन्ही नावं आधी आराखडे मांडलेल्या माणसांची. इंजिनं इंग्लंडातल्या कॉर्नवॉलमधनं आणलेली, क्रूकियसच्या इंजिनाचा मोठा सिलिंडर साडेतीन मीटरहून रुंद हाय, मी समोर उभं राहून बघितलंय, छाती दडपते. १८४९ ला तिन्ही मिळून पूर्ण जोरात उपसायला लागले ते जुलै १८५२ ला तळं कोरडं. सुमारे ८० कोटी घनमीटर पाणी. तुम्हाला अंदाज यावा म्हणून सांगतो, टीएमसीत केलं तर २८ च्या आसपास येतंय, हिडकल धरण तुडुंब भरल्यावर जेवढं पाणी त्याच्या निम्म्याहून जास्त, आणि ते सगळं कोळसा जाळून वर उचललंय.

तर ही जमीन म्हणजे एक भली मोठी परात समजा, काठावरनं कालवा फिरतोय आणि मधे खाली आम्ही. विमानतळ समुद्रपातळीच्या सुमारे ३ मीटर खाली, काही ठिकाणी शेतं त्याहून खाली. पाऊस पडला की पाणी शेतातल्या चरात, चरातनं मोठ्या कालव्यात, तिथनं पंपानं वर रिंगफार्टमधे आणि रिंगफार्टमधनं पुढं समुद्राकडं. तिकडंपण काटविकसारख्या ठिकाणी परत पंप हाय कारण भरतीला समुद्रच वर असतोय. म्हणजे एकच थेंब दोनदा उचलावा लागतोय. आणि हे १८५२ ला संपलेलं काम नव्हे, आजपण रोज चालू. पंप बंद पडले तर विमानतळ, रस्ते, माझं घर सगळं हळूहळू परत तळं होणार. लिंडन आणि लेघवाटर ह्या जागी आजपण पंप चालतात, वाफेचे नव्हेत अर्थात. क्रूकियस १९३३ ला थांबवलं, आता म्युझियम हाय, भाचीला जरूर पाठवा.

निपाणीच्या बाई:
मी भूगोल शिकवायचे, आता निवृत्त आहे, म्हणून थोडं भर घालते.

मेसेजमधलं "जगातलं सगळ्यात खाली" हे बरोबर नाही. मृत समुद्राच्या काठी इस्राएलमध्ये बार येहुदा म्हणून छोटी धावपट्टी आहे, ती समुद्रपातळीच्या पावणेचारशे मीटरहून जास्त खाली. कझाकस्तानातलं अतिराऊ विमानतळसुद्धा कास्पियनच्या खळग्यात असल्यामुळे वीसेक मीटर खाली भरतं. पण मोठ्या, गजबजलेल्या आंतरराष्ट्रीय विमानतळांत स्किपोल सगळ्यात खाली असं म्हटलं तर ते बरोबर. आणि फरक असा की मृत समुद्राकडचा खळगा निसर्गाने केलेला, स्किपोलची जमीन माणसाने पाण्यातून काढलेली. हा फरक मला फार मोठा वाटतो.

जहाजांची लढाई झाली हेही खरं. २६ मे १५७३. स्पॅनिश सैन्याने हार्लेम शहराला वेढा घातला होता आणि तळ्यातून शहराला रसद पोचायची, ती तोडण्यासाठी तळ्यातच दोन्हीकडची जहाजं भिडली. डच बंडखोर हरले आणि जुलैत हार्लेम पडलं. जिथे आज विमानं फिरतात त्या परिसरावर तेव्हा तोफा झाडणारी गलबतं होती, नकाशावर बोट ठेवून मुलांना हे सांगितलं की वर्ग शांत व्हायचा.

विमानतळाचं म्हणाल तर सुरुवात लष्कराने केली, १९ सप्टेंबर १९१६ ला पहिली लष्करी विमानं उतरली. पहिलं महायुद्ध चालू होतं, हॉलंड तटस्थ होतं पण तयारी ठेवून होतं. शेजारी स्किपोल नावाचा किल्लाच होता, अ‍ॅमस्टरडॅमभोवतीच्या संरक्षण रेषेतला. ही रेषासुद्धा पाण्याचीच बरं का, शत्रू आला की मुद्दाम जमीन बुडवायची, गुडघाभर पाणी करायचं, म्हणजे चालत येता येत नाही आणि होडीही चालत नाही. ती आता युनेस्कोच्या यादीत आहे, १९९६ पासून. मग १७ मे १९२० ला केएलएमचं पहिलं उड्डाण लंडनहून इथे आलं, भाड्याचं विमान, दोन पत्रकार प्रवासी. केएलएमची स्थापना ऑक्टोबर १९१९ ची, आणि त्याच नावाने आजपर्यंत चालू असलेली जगातली सगळ्यात जुनी विमान कंपनी तीच. सुरुवातीला धावपट्टी वगैरे काही नव्हतं, चिखलाचं मैदान, पावसात विमानं रुतायची. पक्क्या धावपट्ट्या १९३८ ला झाल्या आणि १० मे १९४० ला जर्मनांनी बाँब टाकले.

आपल्याशी संबंध सांगायचा तर डचांचं इंडोनेशियावर राज्य होतं. १९२४ च्या १ ऑक्टोबरला एक फोकर विमान स्किपोलहून बटाव्हियाला निघालं, म्हणजे आजचं जकार्ता, ते २४ नोव्हेंबरला पोचलं. पुढे हा मार्ग नियमित झाला तेव्हा विमानं कराची, जोधपूर, अलाहाबाद, कलकत्ता असे मुक्काम करत जायची. म्हणजे त्या काळात स्किपोलचं विमान भारतातल्या जमिनीवर उतरून पेट्रोल भरत होतं.

येळ्ळूरचा शेतकरी:
बाई आणि अनगोळकर, दोघांचेपण मनापासून आभार. वाचता वाचता जेवायचं राहिलं. पण माझा मुख्य प्रश्न अजून राहिलाय बघा. पंप रोज चालवतंय कोण? विमानतळ चालवतंय, का सरकार, का नगरपालिका? आणि विमानतळानं एवढं काँक्रीट ओतलंय, त्या काँक्रीटवरचं पाणी शेजारच्या शेतकऱ्याच्या वावरात येत नाही काय? आमच्याकडं वरच्या बाजूला घरं वाढली, ले-आउट पडले, जे पाणी आधी जमिनीत मुरायचं ते आता सरळ नाल्यात येतंय आणि नाल्यात गाळ आणि जलपर्णी, शेवटी ते आमच्या भातात पसरतंय. अर्ज देऊन झाले, मोर्चे काढून झाले. म्हणून विचारालोय, तिकडं ह्याला जबाबदार कोण धरतात.

अनगोळकर, हूफडॉर्प:
काका हाच खरा मुद्दा हाय, म्हणून जरा सविस्तर लिवतो.

पाण्यासाठी तिकडं वेगळी संस्थाच असते, ना नगरपालिका ना विमानतळ. त्याला वाटरस्खाप म्हणतात, पाणी मंडळ म्हणूया. सगळ्या देशात मिळून २१ हायत. आमच्या भागातलं मंडळ म्हणजे रेनलँड आणि ते तेराव्या शतकापासनं हाय, म्हणजे देश म्हणून नेदरलँड अस्तित्वात यायच्या आधी शेतकऱ्यांनी आणि गावांनी एकत्र येऊन बांध राखायला केलेली संस्था. बांध फुटला तर एकाचंच शेत नाही सगळ्यांचं जातंय, म्हणून सगळ्यांनी मिळून राखायचा, हा त्यामागचा विचार.

ह्या मंडळाची निवडणूक होते. दर चार वर्षांनी. मागची मार्च २०२३ ला झाली. आणि ह्या मंडळाचा टॅक्स वेगळा येतोय, मला दरवर्षी घरी पत्र येतंय, राहणाऱ्या माणसाला वेगळा, घरमालकाला वेगळा, शेतजमिनीला वेगळा. कंपन्यापण भरतात. त्याच पैशानं पंप, कालवे, बांध आणि सांडपाण्याची शुद्धीकरण केंद्रं चालतात. पाण्याचा पैसा पाण्यालाच, दुसऱ्या कामाकडं वळवता येत नाही. मला ह्या गोष्टीचं लई मोल वाटतंय, कारण नाला साफ करायला ह्या वर्षी पैसे हायत का नाहीत हा प्रश्नच तिथं उठत नाही.

आता काँक्रीटचं. नियम असा हाय की तुम्ही मोकळी जमीन झाकली, मग ते घर असो, पार्किंग असो की धावपट्टी असो, तर झाकलेल्या जागेच्या ठराविक प्रमाणात नवीन पाणी साठवायची जागा खोदून द्यायची. तळं करा, कालवा रुंद करा, पण जागा द्या. ते दिल्याशिवाय परवानगीच नाही. विमानतळालापण हाच नियम. म्हणून स्किपोलच्या भोवती बघाल तिकडं पाण्याच्या चारी आणि कालवे दिसतात. आपल्याकडं ले-आउट पाडताना असा एक नियम कडक पाळला तर बळ्ळारी नाल्याचं निम्मं दुखणं कमी होईल असं मला प्रामाणिकपणे वाटतंय.

आणि कालव्यातल्या गाळाचंपण. कालवा ज्याच्या जमिनीला लागून त्यानं काठ साफ ठेवायचा, ते झालंय का नाही बघायला शरद ऋतूत मंडळाची माणसं फिरून तपासणी करतात. केलं नसलं तर दंड. पावसाच्या आधी तपासणी, पूर आल्यावर नव्हे.

सांबऱ्याचा महेश:
चर्चा वाचून राहवलं नाही. आमचं घर सांबरा धावपट्टीपासनं जवळच. आमच्याकडं एअरफोर्सचं ट्रेनिंग स्कूल आणि त्याच्या शेजारी प्रवासी विमानतळ, धावपट्टी एकच, २३०० मीटरची. मी विमानं बघत बघतच मोठा झालोय त्यामुळं विमानतळाचं काहीपण असलं तरी वाचतो. स्किपोलला सहा धावपट्ट्या हायत म्हणे. एवढ्या लागतात कशाला? एक दोन मोठ्या करून भागत नाही काय? आणि आजूबाजूची गावं आवाजाला काय म्हणतात?

अनगोळकर, हूफडॉर्प:
महेश, सहा हायत ते वाऱ्यामुळं. समुद्र जवळ, जमीन सपाट, मधे डोंगर ना झाड, वारं कुठनंपण आणि जोरात येतंय. विमान वाऱ्याच्या तोंडावर उतरवायचं असतंय, बाजूनं जोराचं वारं असलं की धोका. म्हणून तीन धावपट्ट्या उत्तर-दक्षिण, एक पूर्व-पश्चिम, दोन तिरक्या. दुसरं कारण आवाज. कुठल्या गावावरनं किती विमानं जातात ते वाटून द्यायला बघतात, दिवसभरात धावपट्ट्या बदलत राहतात.

सगळ्यात नवीन ती पोल्डरबान, २००३ ला चालू झाली, ३८०० मीटर. आवाज लोकांना कमी लागावा म्हणून ती मुद्दाम लांब बांधली आणि लांब म्हणजे इतकी लांब की विमान उतरल्यावर टर्मिनलला यायला पंधरा वीस मिनिटं नुसतं चालत राहतंय, वाटेत हायवेच्या वरनं पुलावरनं जातंय, खाली मोटारी वर विमान. काका, भाचीला हे सांगून ठेवा, नाहीतर विमान रस्त्याला लागलं की काय असं वाटतंय.

आवाजाचा वाद मात्र मिटलेला नाही. २०१९ ला वर्षाला जवळजवळ ५ लाख उड्डाणं आणि ७ कोटी १७ लाख प्रवासी झाले, कोविडनंतर खाली आले आणि २०२४ ला परत ६ कोटी ६८ लाखावर गेले. शेजारच्या लोकांनी कोर्टात दाद मागितली, सरकारनं उड्डाणं कमी करायचं ठरवलं, विमान कंपन्या विरोधात गेल्या, शेवटी ४ लाख ७८ हजाराची मर्यादा घातली. झोपमोड होणाऱ्यांना हे कमी वाटतंय आणि कंपन्यांना जास्त. मी स्वतः लोकांच्या बाजूचा हाय, रात्रीच्या विमानाचा त्रास काय असतोय ते शेजारी राहिल्याशिवाय कळत नाही.

अपघातपण झालेत, ते लपवून उपयोग नाही. ४ ऑक्टोबर १९९२ ला एल अल कंपनीचं मालवाहू जंबो उडाल्यावर इंजिनं निखळून बेल्मरमेर भागातल्या उंच इमारतींवर कोसळलं, ४३ माणसं गेली, बहुतेक सगळी आपापल्या घरात बसलेली. २५ फेब्रुवारी २००९ ला टर्किशचं विमान पोल्डरबानच्या आधीच शेतात पडलं, उंची मोजायचं यंत्र चुकीचा आकडा दाखवत होतं, विमानात १३५ जण, ९ गेले. शेतातली ओली मऊ माती होती म्हणून एवढी माणसं वाचली असं लोक आजपण म्हणतात.

कडोलीचा सतीश:
मी वागेनिंगेनलाच शिकलोय, शेतीतच. आता गावात पॉलीहाऊस बघतोय. उशिरा आलो चर्चेत पण काकांना आवडेल असं दोन गोष्टी सांगतो, दोन्ही नांगराच्या.

पोल्डरबान चालू झाल्यावर हूफडॉर्पच्या बाजूला एक वेगळाच त्रास सुरू झाला, वरनं येणारा आवाज नव्हे, विमान पळताना जमिनीवरनं सरपटत येणारा घुमणारा आवाज, खिडक्या हादरायच्या. सपाट जमीन, अडवायला काहीच नाही. उंच भिंत बांधली तर असला खालच्या सुराचा आवाज भिंतीवरनं पलीकडं जातोय. मग लोकांच्या लक्षात आलं की शेतकऱ्यांनी पीक काढून रान नांगरलं की त्या दिवसात आवाज कमी येतोय. तिथल्या टीएनओ ह्या संशोधन संस्थेनं मोजून बघितलं तर खरंच, सऱ्या आणि वरंबे आवाज फोडतात. मग पॉल दे कॉर्ट म्हणून एक कलाकार, त्यानं मोठे बांध आखून दिले, एकाला एक समांतर, मधलं अंतर सुमारे ११ मीटर कारण त्या आवाजाच्या लाटेची लांबी साधारण तेवढीच. दीडशेच्या आसपास बांध घातलेत. २०१३ ला त्याचा बागच झाला, ब्यूटनस्खॉट नाव, लोक फिरायला, सायकलीवर जातात. सांबऱ्याच्या महेशनं हे लक्षात ठेवण्यासारखं हाय. कुठल्या इंजिनियरला नाही तर नांगरलेल्या रानाला हा उपाय सापडला म्हणायला हरकत नाही.

दुसरी गोष्ट हंसांची, म्हणजे रानबदकाच्या जातीचे मोठे राखाडी हंस. विमानतळाच्या भोवतीनं सगळी गहू, बीट, बटाट्याची शेतं आणि जिकडं तिकडं पाणी, म्हणजे ह्या पक्ष्यांना खायला आणि राहायला दोन्ही. वर अनगोळकरांनी पाणी साठवायच्या नियमाचं लिवलंय ना, तो बरोबर हाय पण उघडं पाणी वाढलं की पक्षी वाढतात, हा पेच तिथं कायम असतोय. जून २०१० ला रॉयल एअर मारोकच्या विमानानं उडताना हंसांचा थवा इंजिनात घेतला, कसंबसं परत उतरवलं. त्यानंतर हे फार गंभीरपणे घेतलं. सुगी झाली की जमिनीवर सांडलेले दाणे खायला पक्षी येतात म्हणून विमानतळ आसपासच्या शेतकऱ्यांशी करार करतंय की कापणी झाल्या झाल्या लगेच रान नांगरून दाणे मातीआड करायचे, त्याचे पैसे शेतकऱ्याला मिळतात. आपल्याकडं जोंधळा काढल्यावर धाट पडून राहतंय तसं तिकडं ठेवून चालत नाही. २०२१ ला तर दोन धावपट्ट्यांच्या मधल्या बीटच्या रानात वीस डुकरं सोडून बघितली, बीट काढल्यावर राहिलेलं सगळं डुकरं खातात, मग पक्ष्याला काही उरत नाही, शिवाय डुकरांच्या वावरानं पक्षी बिचकतात. शेतकऱ्याला बरोबर घेतल्याशिवाय एवढं मोठं विमानतळ चालत नाही हे मी तिथं शिकताना जवळनं बघितलंय.

अजून एक, फुलाचं. विमानतळाच्या दक्षिणेला आल्समेर हाय, जगातला सगळ्यात मोठा फुलांचा लिलाव तिथं. केनिया, इथिओपिया, इक्वेडोरहून गुलाब विमानानं येतात आणि लिलाव होऊन परत विमानानं किंवा ट्रकनं जातात. लिलावाची पद्धत आपल्या एपीएमसीच्या उलट. आपल्याकडं बोली वर चढत जाते. तिथं घड्याळासारखा काटा वरच्या भावापासनं खाली खाली येतोय आणि ज्यानं आधी बटण दाबलं त्याला माल. थांबलं तर स्वस्तात मिळेल पण दुसरा घेऊन जाईल, त्यामुळं सेकंदात व्यवहार होतात. जरबेरा लावणाऱ्या कुणालापण हे एकदा बघायला पाहिजे.

येळ्ळूरचा शेतकरी:
सतीश, अनगोळकर, बाई, सगळ्यांचे उपकार झाले. हे सगळं मी प्रिंट काढून आमच्या शेतकरी मंडळींच्या बैठकीत वाचून दाखवणार हाय. पाण्याचा पैसा वेगळा आणि काँक्रीट केलं तर त्या प्रमाणात जागा पाण्याला सोडायची, ह्या दोन गोष्टी आम्ही पुढच्या निवेदनात घालणार, पावसाच्या आधी तपासणी हे तिसरं.

आता भाचीचं. पहिल्यांदाच परदेशात चाललीय. उतरल्यावर कसं जायचं, चुकणार तर नाही ना? बहीण रोज विचारालीय.

कडोलीचा सतीश:
काका, बहिणीला सांगा अजिबात काळजी नको. स्किपोलचं चांगलं म्हणजे टर्मिनल एकच, १९६७ ला झालेलं, पुढं वाढवत नेलं पण इमारत एकच. त्यातनंच बी, सी, डी अशा गेटांच्या फांद्या निघतात. एका टर्मिनलवरनं दुसऱ्याला बस पकडून जा असं काही नाही. पिवळे फलक बघत चालायचं, ते इतके स्पष्ट हायत की जगातल्या कितीतरी विमानतळांनी तसलेच केलेत. एकच लक्षात ठेवायला सांगा, तिथं स्पीकरवर ओरडून सांगायची पद्धत जवळजवळ नाही, शांतता ठेवतात. येताना ठीक, पण परतीच्या वेळी गेट आणि वेळ स्क्रीनवर आपणच बघत राहायचं.

पासपोर्ट तपासणीला रांग असली तर घाबरायचं नाही. व्हिसा, युनिव्हर्सिटीचं अ‍ॅडमिशनचं पत्र आणि राहायच्या जागेचा कागद हातातल्या बॅगेत ठेवा, मोठ्या बॅगेत नको. बॅगा घेऊन बाहेर आलं की मोठा चौक लागतो, त्याच्या बरोबर खाली रेल्वे स्टेशन. म्हणजे तळ्याच्या तळाच्यापण खाली रेल्वे. अर्नेम, नाइमेखनकडं जाणारी थेट इंटरसिटी बघायची, उट्रेक्टवरनं जाते, एडे-वागेनिंगेनला उतरायचं, तासाभराचा प्रवास. स्टेशनच्या बाहेरनंच वागेनिंगेनची बस मिळते, वीसेक मिनिटं.

तिकिटाला परदेशात चालणारं टॅपचं कार्ड असलं की झालं, आत जाताना टॅप आणि बाहेर पडताना परत टॅप, दुसरा टॅप विसरला तर पैसे जास्त कापतात हे पक्कं सांगा. बसमधेपण तसंच, चढताना एकदा उतरताना एकदा.

अनगोळकर, हूफडॉर्प:
काका, तारीख कळली की मला इथंच मेसेज करा. मी अर्ध्या तासात विमानतळावर पोचतोय, भाचीला घ्यायला येतो आणि एडेच्या ट्रेनमधे बसवून देतो. बहिणीला सांगा तिकडं बेळगावचं माणूस उभं असणार.

आणि निवेदनासाठी रेनलँड मंडळाचा काँक्रीटच्या बदल्यात पाण्याच्या जागेचा जो नियम हाय तो मी मराठीत करून पाठवतो, आकड्यांसकट.

येळ्ळूरचा शेतकरी:
लई बरं वाटलं बघा. तारीख ठरली की कळवतो. आणि तो नियम लवकर पाठवा, मृगाच्या आधी बैठक लावायचीय.